वेदीवरून न सांगितलेलं

चर्चमधल्या रविवारच्या मिस्सेहून घरी आलो की डोक्यावरचा पदर खाली घ्यायच्या आधी आई विचारायची, "आज फादर काय म्हणाले गं?" ती स्वतः मिस्सेत माझ्या शेजारीच बसलेली असायची. लहानपणी मला वाटायचं, ही माझी परीक्षा घेते, मी लक्ष देत होते की नाही ते बघते. पुढं मी शाळेत शिकवायला लागले, माझे केस पिकायला लागले, तरी तिचा प्रश्न तोच राहिला. ती माझी परीक्षा घेत नव्हती. आपल्याकडून काही ऐकायचं राहून तर गेलं नाही ना, एवढंच ती तपासून बघत होती. हे मला कळलं तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती.

आमच्याकडे मराठी मिस्सा सकाळची पहिली. इंग्रजी आणि कोकणी मिस्सेला गर्दी. मराठीला आम्ही वडगाव-मच्छेकडची काही घरं आणि सांबऱ्याकडून पहिल्या बसनं येणारी थोडी माणसं. फादर बहुतेक वेळा कानडी किनाऱ्याकडचे असत. ते मराठी प्रवचन कन्नड लिपीत लिहून आणत आणि एकेक शब्द तपासत वाचत. शुभवर्तमानात नुकतीच वाचलेली गोष्ट ते पुन्हा जरा लांबवून सांगत. मग सूचना. उशिरा येऊ नका. गेटसमोर स्कूटर लावू नका. नऊ दिवसांच्या नोव्हेनाला घरातलं एक तरी माणूस हवं. मुलांना रविवारी ट्यूशनला पाठवू नका. आधी टीव्ही वाईट होता, नंतर मोबाइल.

मेल्यानंतर माणसाचं काय होतं, दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्यापाशी बाईनं किती दिवस राहायचं, ज्यानं स्वतःला संपवलं त्याच्यासाठी मिस्सा सांगायची की नाही, जन्मताच गेलेलं मूल कुठं जातं, हे प्रश्न आमच्या बाकांवर बसलेल्या घराघरांत होते. वेदीची पायरी ते कधी चढले नाहीत.

आईचा प्रश्न त्यांतला शेवटचा होता.

माझ्या आधी तिला एक मुलगा झाला होता. वडगावात दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात, दिवस भरायच्या आधीच. शेजारच्या विणकराच्या घरातली नवी सून मागाचं बटण बंद करून धावत आली. तीच आमची मावशी. नात्याची नाही, जातीची नाही, धर्माची तर नाहीच. त्या दुपारची हकीकत मला तिच्याकडूनच कळली, कारण आई त्याबद्दल एका वाक्यापलीकडे कधी बोलली नाही.

बाळ जगणार नाही हे सुईणीनं बघताक्षणीच सांगितलं. आईला शुद्ध होती. बाप्तिस्म्याशिवाय मूल जाऊ नये म्हणून तिनं बाबांना सायकलवरून फादरना आणायला पाठवलं आणि पडल्या पडल्या मावशीला एकेक करायला सांगितलं. स्टुलावर धुतलेला पांढरा कपडा घाल. क्रूस ठेव. मेणबत्ती लाव. स्वच्छ तांब्या घासून पाणी भर. फादर आले की त्यांचा वेळ जायला नको. मावशीनं सगळं केलं. मग तांब्या हातात धरून ती दाराशी उभी राहिली, कारण तो खाली ठेवला तर पाण्यात मागाच्या सुताचे तंतू पडतील अशी तिला भीती वाटली.

फादर खानापूरकडच्या एका वाडीत मिस्सेला गेले होते. बाबा चर्चच्या गेटपाशी त्यांची वाट बघत बसले. परत यावं तर फादरशिवाय येऊन काय उपयोग, असं त्यांना वाटलं. ते फादरना घेऊन घरी आले तेव्हा मेणबत्ती विझलेली होती. बाळ बरीचशी दुपार श्वास घेत होतं, मग थांबलं. फादरनी कपाळाला हात लावून बघितलं आणि म्हणाले, आता देता येत नाही.

त्याला नाव मिळालं नाही. सिमेट्रीत क्रूस असलेल्या थडग्यांच्या ओळीत जागा मिळाली नाही. भिंतीकडेला, जिथं माळी सुकलेले हार टाकतो, तिथं बाबांनी त्याला पुरलं. स्वर्गही नाही आणि नरकही नाही, अशी कडेला एक जागा असते, तिथं ही मुलं असतात, त्यांना दुःख नसतं पण देवही दिसत नाही, असं आजीनं आईला सांगितलं. आजीला कुणीतरी सांगितलं होतं. आईचं गणित त्यावरून पक्कं झालं. आपण नीट वागलो तर स्वर्गात जाऊ. म्हणजे ते आपल्याला कधीच भेटणार नाही.

हे मनात ठेवून ती सगळं आयुष्य मिस्सेला गेली. बाबा गेले तेव्हाही ती मला एवढंच म्हणाली, "त्यांनाही न्हाय भेटायचा तो."

आजारपणात फादर दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी तिला घरी कम्युनियनची पवित्र भाकर द्यायला येत. आताचे फादर तरुण, हसरे. मराठी चांगलं बोलतात, तिला 'आई' म्हणतात. शेवटच्या खेपेला तिनं त्यांचा हात धरून ठेवला.

"फादर, माझं एक लेकरू बिनबाप्तिस्म्याचं गेलं. ते कुटं असंल?"

मी दाराशी उभी होते. आयुष्यभर ती वेदीकडून ज्याची वाट बघत होती ते तिनं शेवटी स्वतः विचारलं होतं.

फादरनी तिच्या हातावर थोपटलं. "आता त्याचा विचार करायचा नाही, आई. जपमाळ म्हणा. शांत राहा."

"जपमाळ म्हनतोच की," आई म्हणाली. "पर ते कुटं असंल?"

"देवाला सगळं ठाऊक असतं," फादर म्हणाले आणि त्यांनी घड्याळाकडे बघितलं. आणखी दोन घरं राहिली होती.

ते गेल्यावर आई माझ्याकडे बघून म्हणाली, "न्हाय म्हनवंना त्यास्नी. चांगला हाय गं पोरगा." म्हणजे उत्तर 'नाही' आहे आणि भल्या माणसाच्या तोंडून ते निघालं नाही, असं तिनं धरलं. त्याच आठवड्यात ती गेली. जाताना शांत होती, असं भेटायला येणारे म्हणतात. ती शांत नव्हती. तिनं विचारणं सोडलं होतं.

आई गेल्याच्या महिन्याची मिस्सा ठरवायला मी चर्चच्या ऑफिसात गेले. आईचं नाव दिलं, बाबांचं दिलं आणि उठता उठता काहीशा संकोचानं म्हणाले, "एक बाळ होतं. त्याचाही उल्लेख करता येईल का? बाप्तिस्मा झालेला नव्हता."

"घेऊ की, टीचर. त्यात काय?"

मी पुन्हा खाली बसले. "चालतं?"

"चालतं. अशा मुलांना आपण देवाच्या दयेवर सोपवतो आणि आशा धरतो. त्यांच्यासाठी वेगळी प्रार्थनासुद्धा आहे. तुम्ही ते जुनं कडेच्या जागेचं धरून बसलाय का? ती जुन्या लोकांची समजूत. मानलीच पाहिजे असं चर्चनं कधी ठरवलं नव्हतं." मग त्यांनी मान हलवली. "खरं म्हणजे तुमच्या घरी तो प्रश्नच यायला नको होता. जीव धोक्यात असेल आणि फादर जवळ नसतील तर बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं. डोक्यावर तीनदा पाणी घालायचं, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं बाप्तिस्मा करतो म्हणायचं. झालं."

"कुणीही?"

"कुणीही. ख्रिस्ती असायचीही गरज नाही. चर्च जे करतं तेच आपण करतोय, एवढं मनात असलं की पुरे."

निपाणीची गाडी कुठल्या फलाटावर लागते ते सांगावं, इतक्या सहज ते बोलत होते. मला दाराशी तांब्या धरून उभी असलेली एक नवी सून दिसत होती.

"आईनं तुम्हाला विचारलं होतं, फादर. याच महिन्यात."

"आठवतं मला." ते थोडे बावरले. "त्या फार थकल्या होत्या. मला वाटलं, जुनी जखम कशाला उघडायची."

"ती उघडीच होती."

मी विचारलं, "महिन्याच्या मिस्सेला प्रवचनात हे सांगाल? आत्ता मला सांगितलंत तसं, तेवढंच."

"टीचर, हे नाजूक विषय असतात. वेदीवरून सांगितलं की लोक त्याचा वेगळाच अर्थ लावतात. आधीच हॉल मिळत नाही, केटरर मिळत नाही म्हणून बाप्तिस्मा लांबवतात. मग म्हणतील, फादरच म्हणाले ना, चालतं." त्यांनी समजुतीनं हात जोडले. "तुमच्या घरापुरती मी सिमेट्रीत येऊन प्रार्थना करतो. आपण दोघंच जाऊ."

मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. मला भांडता येत नाही.

घरी जाताना मावशीकडे वळले. ती आता सुनेला काम सांगत ओट्यावर बसते. तिला सांगावं की नाही, हे ठरत नव्हतं. पण तिनंच विचारलं, "ठरली व्हय तुमची महिन्याची पूजा? काय म्हनला तुमचा बाबा?" फादरला ती नेहमी बाबाच म्हणते, आईला आक्का म्हणायची. मी सांगून टाकलं.

"म्हंजे मीबी घालू शकलो असतो?"

"हो."

"आनि पानी माझ्याच हातात हुतं." मग तिचा आवाज चढला. "एवडा मोठा भोंगा लावलाय न्हवं देवळावर? सनाला आख्ख्या गल्लीला झोपू देत न्हाईत! त्येच्यातनं एवडं सांगायला काय हुतं गं त्यास्नी? मला काय, मी घातलं असतं. तीनदा काय, धादा घातलं असतं. आक्का नुसती दाराकडं बघत हुती गं."

मी तिच्याजवळ बसून राहिले. सांगायला नको होतं असं वाटलं, आणि ते योग्यच झालं असंही वाटलं. आजही दोन्ही वाटतं.

महिन्याच्या मिस्सेला फादरनी आईवर सुंदर प्रवचन केलं. किती श्रद्धाळू बाई. पाऊस असो, थंडी असो, मराठी मिस्सा कधी चुकवली नाही. दुःखाबद्दल कधी तक्रार नाही, कधी प्रश्न नाही. मी पहिल्या बाकावर होते. प्रश्न नाही, हे शब्द त्यांनी कागदावर न बघता उच्चारले. ज्या माणसाचा हात धरून तिनं प्रश्न विचारला होता, तोच माणूस हे बोलत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर खोटेपणाचा लवलेशही नव्हता. आठवत असूनही तो प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. मला याहून खोटं बोललेलं परवडलं असतं.

आमच्याकडे मिस्सेच्या शेवटी घरातलं कुणीतरी माइकजवळ जाऊन आभार मानतं. मी उठले. आभार मानले. आणि मग माझ्याच आवाजाला घाबरत म्हणाले, "आईला एक गोष्ट ऐकायची होती, ती सांगते. मूल दगावत असेल आणि फादर नसतील तर कुणीही पाणी घालून बाप्तिस्मा देऊ शकतं. बाईसुद्धा. शेजारीणसुद्धा. आणि ज्यांना तो मिळाला नाही ती मुलं देवाच्या दयेत आहेत, अशी आशा धरायला चर्च सांगतं." एवढंच. फादरनी गायकांकडे बघितलं आणि गाणं सुरू झालं.

बाहेर माणसं नेहमीप्रमाणे रांगेनं हात हातात घेऊन पुढं जात होती. मी बोलले त्याचा उल्लेख कुणी केला नाही. सगळ्यांत शेवटी सांबऱ्याकडून येणारी एक म्हातारी बाई आली. तिची माझी नुसत्या हसण्याची ओळख. तिनं माझा हात सोडला नाही.

"टीचर, मघाशी बोललासा ते खरं काय? माझी दोन हाईत त्या भित्तीकडंला."

"खरं आहे, आजी."

तिचा चेहरा क्षणभर उजळला. मग तिनं पायरीवर उभ्या असलेल्या फादरकडे बघितलं. ते कुणाच्या तरी नातवाला उचलून घेत हसत होते. मी तिला हाताला धरून त्यांच्याकडे घेऊन गेले. "फादर, यांना सांगा. खरं आहे ना?"

फादरनी आजूबाजूच्या माणसांकडे बघितलं. "आजी, मंगळवारी ऑफिसात या. निवांत बोलू."

"व्हय, व्हय," म्हातारी घाईघाईनं म्हणाली. तिनं कपाळावर क्रूसाची खूण केली आणि मला बाजूला घेतलं. माझ्या पाठीवरून हात फिरवत ती हळू आवाजात म्हणाली, "आई गेलीय, मन थाऱ्यावर नसतंय. पर असलं कायबी कुनी सांगितलं तर ऐकू नगंस बाय. खरं असतं तर इतक्या वर्सांत फादरनी सांगितलं नसतं व्हय?"