माझ्याच दुधावर

"रिॲक्टिव्ह आलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि रिपोर्ट बोटाच्या टोकाने माझ्याकडे ढकलला. रिॲक्टिव्ह म्हणजे माझ्या रक्तात एचआयव्ही सापडला होता. मला तिसरा महिना होता. सांगलीच्या विश्रामबागेतला तो खासगी दवाखाना, दार सताड उघडं, बाहेर बाकावर बायका बसलेल्या. "बाळंतपण आमच्याकडे होणार नाही," एवढं मात्र बाईंनी मोठ्याने सांगितलं. मी उठले तशी आयाने माझी खुर्ची पुसायला घेतली. मी अजून दारातही पोचले नव्हते.

तेव्हापासून ज्याला त्याला माझी किळस यायला लागली. खरं सांगायचं तर मला त्यांची जास्त आली.

पहिला नंबर नवऱ्याचा. त्याचीही तपासणी झाली आणि रिपोर्ट तसाच आला. साताऱ्याकडे त्यांचा ऊस मोठा, आणि नाव त्याहून मोठं. स्वतःच्या रिपोर्टबद्दल त्याने घरात अवाक्षर काढलं नाही. सासूबाईंनी माझं ताट वेगळं केलं तेव्हा तो समोर बसून भात कालवत होता. याच आजाराच्या गोळ्या तो घरात ताकदीच्या म्हणून खायचा. मी जतला आईकडे निघून आले. पहिलं बाळंतपण माहेरीच असतं, त्यामुळे लोकांना कारण सांगावं लागलं नाही.

सांगलीच्या सरकारी दवाखान्यात कुणी खुर्ची पुसली नाही. तिथे एआरटी सुरू झाली. एआरटी म्हणजे विषाणूला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या, रोज घ्यायच्या, जन्मभर. तिथल्या समुपदेशक मॅडमनी माझ्यासमोरच बाळंतपणाच्या डॉक्टरांना, बाळांच्या डॉक्टरांना आणि जतच्या नर्सताईंना फोन लावले. मग मला प्रत्येक खिडकीवर आपलं रडगाणं पहिल्यापासून गावं लागलं नाही. तुमच्यावर ही वेळ आली तर असं मागून घ्या. लाजू नका.

आठव्या महिन्यात व्हायरल लोड केला. रक्तात विषाणू किती आहे ते त्यात कळतं. मोजण्याइतकाही सापडला नाही. मुलगी सुखरूप झाली आणि लगेच तिला औषधाचं सिरप सुरू झालं.

घरी सोडताना बाळांच्या डॉक्टरांनी बजावलं, "सहा महिने फक्त अंगावरचं दूध. पाणी, मध, गुटी, वरचं दूध, काही म्हणजे काही नाही. दोन्ही मिसळलं की बाळाच्या आतड्याला इजा होते आणि विषाणूला वाट मिळते."

बाळाला घेऊन जतला परतले तर कुजबुज माझ्या आधी पोचली होती. तोंडावर कुणी विचारत नव्हतं. पण मी पोरीला पाजायला घेतलं की शेजारणी मान मुरडून दुसरीकडे बघायच्या. बघू देत म्हटलं.

एकदा मी अंघोळ करून आले तर पोर प्यायलाच तयार होईना. तिच्या तोंडाला शेळीचा वास येत होता. आईच्या हातात कापसाचा ओला बोळा होता.

"काय दिलंस हिला?"

"वाईच शेळीचं दूध दिलं. आमच्यात समदी त्याच्यावरच वाढल्यात."

"कधीपासनं देतीस?"

"घरी आल्याधरनं. तू न्हायाला गेलीस की देती. आगं, लेकराला इख पाजतीस, मी बघत बसू व्हय?"

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शेळ्यामेंढ्या. आईचा शेळीवर होता तेवढा विश्वास पोटच्या लेकीवर नव्हता. नातीवर तिचा जीव होता, हेही खरं, आणि त्यामुळेच ते जास्त ओंगळ वाटलं. नवऱ्याची किळस मी झटकून टाकली होती. आईची आली ती अंगात मुरली. जिच्या दुधावर मी वाढले तिला माझं दूध विष वाटत होतं.

मी लगेच समुपदेशक मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "रडत बसू नका. वरचं आजपासून बंद. अंगावर पाजत राहा, सिरप चुकवू नका. सहा आठवड्यांची झाली की रक्त तपासू." नर्सताई त्याच दिवशी घरी आल्या आणि आईला समोर बसवून सगळं सांगितलं. आई मान डोलवत राहिली. तरी मी अंघोळीला जाताना पोरीला बरोबर नेऊ लागले.

तपासणीत बाळाला टोचून रक्ताचे थेंब कागदावर घेतात आणि वाळवून लॅबला पाठवतात. आईशी मी बोलणं टाकलं होतं. रिपोर्ट आला, विषाणू सापडला नाही. पण तेवढ्यावर सुटका नसते. पुन्हा पुन्हा तपासत राहतात. दीड वर्षाची झाल्यावर शेवटची तपासणी झाली आणि डॉक्टर म्हणाले, "पोरगी मोकळी. आता तुम्ही तुमच्या गोळ्या सांभाळा." मी तिथेच बाकावर बसून रडले.

त्या दवाखान्यातल्या लोकांचे उपकार मी मानते. त्यांनी आपापलं काम केलं आणि एकमेकांना विचारून केलं. बाकीच्यांना एवढंही का जमू नये, याचाच संताप येतो.

घरी आले तर आई दारात शेजारणीला कौतुकाने सांगत होती, "आमच्या शेळीनं तारली बघा पोरगी."

पूर्वीची मी असते तर आत निघून गेले असते. मी पोरीला कडेवर घेतलं आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मला एचआयव्ही हाय. रोज गोळी खाती. आन्‌ ही माझ्याच दुधावर वाढलीया."

शेजारीण पदर सावरत उठली. ती वळली तशी आई तिच्या पाठीला म्हणाली, "व्हय. लेकीच्याच दुधावर."

मला ते पुरेसं वाटलं नाही. पण ती म्हणाली.