थे तळ्यावर आलते

पांढरकवड्याला जायचं ठरलं ते एका फोनमुळे. मार्चची दुपार होती. ह्यांचा मोबाईल मी अजून चार्ज करून ठेवते. का, ते विचारू नका. तो वाजला आणि पलीकडून एक माणूस म्हणाला, "साहेब, कौलं चढली. ओटा बी झाला. आता भाभीजीले घेऊन या एकदा."

मी म्हणाले, "मी त्यांची मिसेस बोलतेय." मग सांगायचं ते सांगितलं. जानेवारीत गेले, पंधरा दिवस दवाखान्यात होते.  तो हळूच म्हणाला, "मले वाटलं, गुडघा दुखत असन म्हणून येऊन नाई राह्यले. मंग खोलीचं काय करू, भाभी?"

कुठली खोली, हे मला विचारावं लागलं.

हे पाटबंधारे खात्यात होते. नोकरीची पहिली दोन वर्षं टिपेश्वरच्या जंगलालगत एका तळ्याच्या बांधावर गेली. तेव्हापासून एकच म्हणणं, रिटायर झाल्यावर तिकडं जाऊन राहू. मी तीस वर्षं नाही म्हणत आले. दवाखाना कुठं आहे, रस्ता कुठं आहे, रात्री काय करायचं? मी कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये नोकरी केली. मला नळ, गॅस, शेजारचा दिवा लागतो. दोन वर्षांपूर्वी त्यांनी शेवटचं विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "तुम्ही जा. मी इथेच बरी." त्यानंतर विषय निघाला नाही. महिन्यातून एकदा पांढरकवड्याला मित्राकडे जातो म्हणायचे आणि संध्याकाळी परत यायचे.

ते वाक्य जानेवारीपासून माझ्या कानात आहे. तुम्ही जा.

पुण्याहून मुलगी, अनू, पाडव्याला मला न्यायला येणार होती. यवतमाळचं घर विकायचं आणि तिच्या फ्लॅटमधल्या खोलीत राहायचं, असं जवळजवळ ठरलं होतं. त्याआधी ही खोली बघून यावी आणि फोन करणाऱ्या सलीमभाईंना, ह्यांच्या पांढरकवड्याच्या मित्राला, हो किंवा नाही सांगावं, म्हणून निघाले. प्रवासाचं मी कधी लिहिलेलं नाही. कुणाला त्या बाजूला जायचं असेल तर उपयोग होईल, म्हणून लिहिते.

यवतमाळहून पांढरकवडा साधारण सत्तर किलोमीटर. एसटीनं दोन तास धरा. बायकांना अर्धं तिकीट आहे. सकाळी सातच्या सुमाराची गाडी घ्या, खिडकी मिळते. उशीर केला तर उभं राहावं लागतं. जोडमोह्यापुढं सागाचं रान लागतं. मार्चमध्ये सागाला पान नसतं. उघड्या फांद्यांमधून रान आतपर्यंत दिसतं आणि तरी आत काय आहे ते कळत नाही. मध्येच एखादा पळस नुसताच लाल. गाडीच्या आवाजात डोळा लागत होता, उघडत होता, आणि प्रत्येक वेळी बाहेर तेच रान होतं. आपण पुढं जातोय की एकाच जागी आहोत, असं वाटण्याइतकं तेच. बरं वाटत होतं.

तालुक्याचं नाव केळापूर, पण कचेऱ्या आणि बाजार सगळं पांढरकवड्यात. केळापूरच्या देवीला जाणारे इथंच उतरतात. स्टँडसमोर आलूबोंडा आणि तर्री मिळते. तर्री जपून घ्या. सलीमभाई स्कूटरवर घ्यायला आले होते. साठीचे, बारीक, शर्टाच्या खिशात स्क्रूड्रायव्हर. मोटारपंप दुरुस्तीचं त्यांचं दुकान आहे. "स्कूटरवर बसता येईन नं भाभी? नाई तं ऑटो करू. दोनशे रुपये घेते आन वरून गड्ढ्यातून नेते." मी स्कूटरवर बसले.

सलीमभाईंच्या शेताच्या कोपऱ्यात मोटारीची जुनी खोली होती. हे तिथं डबा खायला थांबायचे. मागच्या वर्षी ह्यांनी तिला लागून एक खोली आणि स्वयंपाकाची जागा बांधायला घेतली. पुढं कच्चा रस्ता, मागं दोन शेतं सोडून तळं, तळ्यापलीकडे जंगल. भिंतींना नवा चुना होता. आत गेल्यावर मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. खिडकी एकच, आणि ती रस्त्याकडं.

"सलीमभाई, खिडकी इकडं कशी? रान तर मागं आहे."

"मीबी तेच म्हटलं साहेबाले. लोक इथं रान पाहाले येते, आन तुम्ही रानाले भिंत देऊन राह्यले? तं म्हणे, घरच्याले भेव वाटते. खिडकीतून गाडी येताना दिसली तं जिवाले बरं वाटीन."

मी ओट्याशी गेले. हात टेकला. यवतमाळच्या ओट्यापुढं मी पाट ठेवून उभी राहते. माझी उंची कमी पडते. तीस वर्षं तो पाट तिथंच आहे. इथं हात सरळ टेकला.

"साहेबानं ओट्याच्या मापाची सुतळी आणलती," सलीमभाई म्हणाले. "गाठ मारून. म्हणे याच्यावर एक बोटबी नाई पाह्यजे. मिस्त्री हासे. म्हणे, कोण्या पोरीसाठी बांधून राह्यले काय?"

मी बाटली घेऊन बाहेर आले. पाणी हवं होतं म्हणून नाही.

रस्त्यापलीकडे हातपंप आहे. त्याच्या पुढं कोलाम लोकांची वस्ती. तिला इकडं पोड म्हणतात. पंपावर दोन बायका पाणी भरत होत्या. मला त्या ओळखत नव्हत्या. मोठी, पन्नाशीची, हापसत हापसत दुसरीला सांगत होती.

"थे कालबी आलते."

"कधी व?"

"सांजेले. तळ्यावर बसून राह्यले घडीभर. पाणी पेले आन बांधाबांधानं गेले मंग."

"एकटेच?"

"एकटेच. म्हातारे झाले नं आता. पाय वढत चालते."

इथं मला थोडं थांबून सांगायला हवं. आमच्या पिढीतल्या पुष्कळ बायकांसारखं मीही नवऱ्याचं नाव घेत नाही. जवळ असले की 'हे', लांब असले की 'ते'. वऱ्हाडीत त्याचं 'थे' होतं. आणि ह्यांचा डावा गुडघा दोन वर्षं दुखत होता. पाय ओढत चालायचे.

काल आले होते. मला ते खोटं वाटलं नाही. दुपारचं ऊन, पंपाचा आवाज, समोर चुन्याची पांढरी भिंत. अडीच महिने मी ज्यांची वाट बघतेय ते इथं येऊन तळ्यावर बसतात, एवढंच तर ती बाई सांगत होती. बाटली केव्हाच भरली होती आणि पाणी पायावर पडत होतं.

मग भान आलं. मी म्हणाले, "ते आता येणार नाहीत. गेले ते."

तिचे हात थांबले. "कुठी गेले?"

"वारले."

"व माय!" पाण्याचा गुंड बाजूला सारून ती जवळ आली. "कोणं मारलं?"

"कोणी मारलं नाही हो. पंधरा दिवस दवाखान्यात होते."

"दवाखान्यात?" तिनं दुसरीकडं बघितलं. "थ्याह्यले दवाखान्यात कोणं नेलं?"

"मी आणि मुलीनं. ऑटोत बसवून."

दुसरी बाई मागं सरकली. तोवर सलीमभाई धावत आले होते. "अवो, या साहेबाच्या घरच्या हायेत. साहेबाचं सांगून राह्यल्या. भीमबाई, तू कोणाचं सांगून राह्यली?"

 भीमबाईनं तीन बोटं स्वतःच्या दंडावर आडवी ओढली, एकदा, दोनदा. पट्टे.

तळ्याकडं तोंड करून कुणी वाघाचं नाव घेत नाही. नाव घेतलं की येतात, म्हणून 'थे'. माणसापेक्षा जास्त मान देऊन.

आधी ती हसली. मग मी. किती दिवसांनी हसले ते मला माहीत आहे. ऑटोत बसवून, ऑटोत बसवून, असं म्हणत ती पंपाचा दांडा धरून हसत होती. "माह्या घरचेबी थेच, आन रानातलेबी थेच. नाव कोणाचंच घेता येत नाई. पण रानातले कमी गुरकावते व बाई!"

मग तिचं हसणं एकदम थांबलं. "मंग साहेब खरंच गेले?"

मी मान हलवली. ती पंपाच्या ओट्यावर बसली आणि पदर तोंडाला लावला.

चारच्या सुमाराला भीमबाई मला तळ्यावर घेऊन गेली. सलीमभाई मागून आले. तळं अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे. ज्यांना सफारी करायची असेल त्यांच्यासाठी सुन्ना गेट आहे, पावसाळ्यात बंद असतं, आधी चौकशी करा. तळ्यावर मात्र गावच्या माणसाशिवाय जाऊ नका. बांधाखाली एक सपाट दगड आहे. पाण्यावर ऊन होतं, पाणी हलत नव्हतं, आणि पलीकडचं रान उलटं होऊन त्यात उभं होतं.

"साहेब इथं बसे," भीमबाई म्हणाली. "दिवस थ्या सागावर टेकला का उठे. साडेचारची गाडी चुकली तं मंग धावपळ."

"मुक्कामाला कधी राहिले?"

"एक दिवसबी नाई."

"मीबी म्हटलं," सलीमभाई म्हणाले. "साहेब, एवढं आवडते तं राहा नं एक रात. तं म्हणे, घरी कोणी जेवाचं थांबते."

मी दगडावर बसले. तीस वर्षं मला वाटत होतं की मी एका माणसाला रानातून ओढून यवतमाळात ठेवलंय. आणि हा माणूस इथं येऊन, पोटभर बघून, दर वेळी उठून गाडी पकडत होता. कुणी सांगितलं नव्हतं. मी तर जा म्हटलं होतं.

दगडाच्या कडेला चिखल वाळला होता. त्यात पंजा होता, माझ्या तळहाताहून मोठा. त्याच जागी.

"सांज झाली का तळं थ्याह्यचं," भीमबाई म्हणाली. "आपण असलो का थे येत नाई. थे आले का आपण बसाचं नाई. उठा आता."

वाटेनं मी तिला विचारलं, इथं राहायला कसं वाटतं. ती माझ्याकडं बघून हसली. "शहरातले येते, म्हणते किती शांत हाये. माही सून म्हणे, एवढं शांत हाये तं त्याह्यलेच ठेवा, मले पांढरकवड्यात खोली पाहा."

"मग गेली?"

"गेली नं. फ्रीज घेतला. मीबी जातो चैतात थंड पाणी प्याले. चार दिवस बरं वाटते. मंग मोहाची आठवण येते आन भांडण करून येतो."

"भांडण कशाला?"

"सून अशी सोडते थोडीच!"

साडेचारची गाडी मी जाऊ दिली होती; रात्री भीमबाई माझ्या सोबतीला खोलीत झोपली. ज्वारीची भाकर, सोल्याची, म्हणजे ओल्या तुरीच्या दाण्यांची, भाजी आणि ठेचा तिनं घरून आणला होता. पैसे घेतले नाहीत. रात्रीचं लिहिण्यासारखं काही नाही. मला झोप लागली. जानेवारीपासून लागत नव्हती.

सकाळी चांगलं उजाडल्यावर बायकांबरोबर मोह वेचायला गेले. सगळ्या मोठ्यानं बोलत चालतात. आपण येतोय हे त्यांना कळावं म्हणून. झाडाखाली रात्रभर पडलेली फुलं, पिवळसर, रसानं फुगलेली. वास गोड आणि जड. वाकून वेचताना आजूबाजूचे आवाज दूर जातात आणि फक्त पुढचं फूल दिसतं. मी एक ओंजळ पिशवीत घेतली.

स्टँडवर सलीमभाई म्हणाले, "भाभी, खोलीचं काय ते सांगा. एक मास्तर विचारून राह्यले. भाड्यानं पाह्यजे म्हणते."  मी फोन करते म्हणाले.

घरी आले, पाय धुतले, ओट्याशी गेले, पाटावर चढले आणि चहा ठेवला. पिशवीतल्या मोहाचा वास घरभर झाला होता. तेवढ्यात अनूचा फोन.

"आई, पाडव्याला किती वाजता निघायचं? गाडी सांगून ठेवते."

"पाडव्याला येऊ नको न्यायला."

"मग तू राहणार कुठं?"

मी तिला खोलीचं सांगितलं. वाघाचंही सांगितलं, लपवलं नाही. दवाखाना पांढरकवड्यात आहे, तिथं सलीमभाईंची स्कूटर न्यायला येते. मोबाईलला रेंज फक्त बांधावर मिळते. मला अजून भीती वाटते. पावसाळ्यात मी यवतमाळात असेन, हे घर विकायचं नाही. अनू रडली, चिडली, "आई, बाबांसाठी तू असं काही करू नको" म्हणाली. ते मला पटण्यासारखं होतं. म्हणून मी नीट विचार केला. त्यांच्यासाठी असतं तर गेलेच नसते. ते काही मागत नव्हते. मला तिथं झोप लागली होती, आणि ओट्यापुढं पाट लागत नव्हता.

मग मी सलीमभाईंना फोन लावला.

"मास्तरांना दुसरी खोली बघायला सांगा. आणि तळ्याच्या बाजूच्या भिंतीत एक खिडकी पाडा."

"पाडतो नं," ते म्हणाले. थोडं थांबले. "आन रस्त्याकडची? बुजवू?"

"नको," मी म्हणाले. "ती त्यांनी ठेवलीय."