ओढून पाह्यली का?

सकाळी साडेसातला फोन वाजला की तो अक्काचाच, हे आमच्या घरी इतकं ठरलेलं होतं की त्या दिवशीही मी नाव न बघता फोन कान आणि खांद्यामध्ये दाबला आणि हातातली मिनूची वेणी न सोडता म्हणालो, "हो गं अक्का, ओढून पाहिली." पलीकडून भाऊजींचा आवाज आला. "विलास, मी बोलून राहिलो... तुई अक्का गेली रे बापू. चहा ठेवला अन् भिंतीले टेकून बसली, ते उठलीच नाई." मी वेणी पूर्ण घातली. कशी घातली ते आठवत नाही. अर्ध्या वेणीनं पोरगी शेजारी कशी सोडायची, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

अक्का माझी थोरली बहीण, माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. मी चार वर्षांचा असताना ती लग्न होऊन अकोटहून अकोल्याला गेली, एका फुलवाल्यांच्या घरात, आणि जन्मभर हार-गजरे बांधत राहिली. सुई तिला लागायचीच नाही. बोटाभोवती दोरा फिरायचा, देठ अडकायचा, की झालं. मी अमरावतीला शाळेत भूमिती शिकवतो. बायको सुनीता धारणीकडे परिचारिका आहे, ती शनिवारी येते आणि सोमवारी पहिल्या बसनं जाते. त्यामुळे मिनू बालवाडीत जायला लागली तशी तिची वेणीफणी माझ्या गळ्यात पडली. फळ्यावर पट्टीशिवाय सरळ रेघ काढणारा मी, पण पोरीचा भांग काही सरळ निघेना. अक्कानं एकदा ते ध्यान पाहिलं, पोट धरून हसली, आणि पुढच्याच आठवड्यात पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यातून रिबनीची फुलं आली. साटिनची लाल फीत, दोन मोठ्या पाकळ्या, मधे एक छोटी, टोकं निरांजनावर धरून जरा भाजलेली म्हणजे धागे निघत नाहीत. मागे रबर, आणि रबराला ते फूल हाराच्या दोऱ्यानं बांधलेलं. "तुले फक्त रबर चढवायचं हाये मास्तर, त्यात काई भूमिती नाई," ती फोनवर म्हणाली.

फुलं सुंदर होती, पण टिकायची नाहीत. जरा धक्का लागला की रबर वेणीला आणि फूल गायब. कधी रिक्षात, कधी वर्गात, एकदा तर शाळेच्या स्नेहसंमेलनात ऐन नाचात मिनूचं फूल मुख्याध्यापिकांच्या पायाशी जाऊन पडलं. मी अक्काला कधी काही बोललो नाही. पण सुई-दोरा घेऊन एकेक फूल रबराला पक्कं शिवून टाकायचो, चांगले सात-आठ टाके घालून. आणि अक्काचा रोजचा प्रश्न एकच. "ओढून पाह्यली का?" मला वाटायचं, बाईला आपल्या कामाची काळजी आहे, गाठ पक्की बसलीय की नाही हे विचारतेय. मी ओढून पाहायचो, फूल जागचं हलायचं नाही, आणि मी खुशाल "हो, पाहिली" म्हणायचो. दोन वर्षं आम्ही बहीण-भाऊ रोज सकाळी असं बोललो, आणि दोघांच्या बोलण्याचा अर्थ एकदाही जुळला नाही.

गेल्या दिवाळीला ती आली तेव्हा मला कळायला हवं होतं. मिनूला मांडीवर घेऊन तिनं सहज फूल ओढलं. ते आलं नाही. तिनं पुन्हा ओढलं. चेहरा असा उतरला की मला वाटलं चक्कर आली. मग तिनं माझे सगळे टाके दातांनी तोडले. मी चिडवलं, "अक्का, तुझ्या गाठी म्हणजे बोलाचीच कढी." ती हसली नाही. "सुटू दे रे विलास. सुटलेली बरी. तुले काय, दुसरी करून देईन मी." "पण कावून?" मी तिच्याच बोलीत विचारलं. तिनं नेहमीसारखा डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि म्हणाली, "काई नाई. असंच." ती अकोल्याला परत गेली त्याच संध्याकाळी मी पुन्हा सुई घेऊन बसलो... हे लिहिताना लाज वाटते.

तेरवी झाल्यावर भाऊजींनी तिच्या फळीवरचं एक खोकं माझ्या हातात दिलं. आत आठ फुलं तयार होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "आता ही पण मला पक्की शिवावी लागतील." भाऊजी एकदम माझ्याकडे वळले. "शिवतं तू?" मग त्यांनी सांगितलं. अक्का आठ वर्षांची असताना अकोटला पिठाच्या गिरणीत दळण घेऊन गेली होती. वेणीची लांब फीत पट्ट्यात गेली. फीत रोज हरवते म्हणून आमच्या मायनं त्या दिवशी निरगाठ मारून दिली होती. गिरणीवाल्यानं पट्टा पाडला म्हणून पोरगी वाचली, पण कानामागे तळहाताएवढी जागा केसांसकट गेली. तिथं पुन्हा केस आले नाहीत. "मायनं बांधली होती ना, म्हणून ते कोणालेच सांगे नाई. तुले तर नाईच. म्हने, त्याच्या मनात मायबद्दल काई यायले नोको."

परतीच्या गाडीत मला धड बसवेना. दोन वर्षं मी पोरीच्या डोक्याला काय बांधून पाठवत होतो? रिक्षाचं चाक, शेजारच्यांच्या गाडीची साखळी, रसवंतीचा चरक जिथं ती हटकून पुढे जाऊन उभी राहते... एकेक जागा आठवत गेली. घरी आल्याबरोबर चपला न काढता मी जुन्या फुलांचे टाके कापले. सुनीता फोनवर म्हणाली, "अहो, झालं तर नाही ना काही?" काही झालं नव्हतं. अक्का रोज विचारत होती, मी रोज हो म्हणत होतो, आणि काही झालं नव्हतं ते निव्वळ नशिबानं.

मग वाटलं, ती गाठ तरी शिकून घ्यावी. आठातलं एक फूल घेतलं, भिंगाखाली धरलं, अलगद ओढलं. फूल निसटलं आणि दोरा सरळ होऊन हातात आला. गाठ कुठे होती याची खूणसुद्धा उरली नाही. राहिली सात. एकदा सुटलं की संपलं, पुन्हा बांधून देणारं कोणी नाही. सुनीता म्हणाली, "ठेवा ना कपाटात, अक्कांची आठवण म्हणून." माझंही ती वापरायचं मन होईना. आठवडाभर मिनू साध्या काळ्या रबरांवर शाळेत गेली.

सोमवारी मी खोकं उघडलं आणि दोन फुलं तिच्या वेण्यांना लावली. टाका घातला नाही. शाळा सुटायच्या अर्धा तास आधीच फाटकाशी जाऊन उभा राहिलो. मिनू रडत आली. एका वेणीला फूल होतं, दुसरं मुठीत चुरगळलेलं. "बाबा, मी नाही ओढलं. झोक्याच्या साखळीत अडकलं, अन् झोका वर गेला, अन् ते आपोआपच सुटलं. आत्याचं होतं ना... आता?"

झोका मला आठवलाच नव्हता. मी तिथंच फाटकात गुडघ्यांवर बसलो आणि तिच्या कानामागे, वेणीच्या मुळाशी बोटं फिरवत राहिलो. "बाबा, गुदगुल्या होऊन राहिल्या," ती रडता रडता हसायला लागली. सगळे केस जागच्या जागी होते.