द्राक्षं खायला ताइफला

"तिला काही सांगितलेलं नाही. नुसतं द्राक्षं खायला चाललोय, एवढंच."

आई स्वयंपाकघरात फोनवर बोलत होती, आवाज खाली ओढून. मी पाणी प्यायला निघाले होते, ती दाराबाहेरच थांबले. मग आईचा आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला. "हो हो, कोथिंबीर मी आणते. तुम्ही ओलं खोबरं तेवढं घ्या."

शुक्रवारची सकाळ होती. अर्ध्या तासापूर्वी बाबा वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणाले होते, "चला, आज ताइफला जाऊ. द्राक्षं आली असतील." माझे बाबा अचानक काही करणाऱ्यांतले नव्हते. जेद्दातल्या समुद्राकाठच्या कॉर्निशवर जायचं तरी ते आदल्या दिवशी टायरमधली हवा बघत. आज मात्र टायरकडे बघितलंही नाही. मागाहून कळलं, कालच बघून ठेवले होते.

आईने मला मोहरी रंगाचा सलवार-कमीज घालायला लावला. वर ओढणीला इस्त्री करून दिली.

"Mumma, I'll be in an abaya the whole day. Who's going to see it?"

"असू दे. माणसाने आतून नीट असावं."

मी अठरा वर्षं जेद्दात काढली होती, त्यातली बारा इंग्रजी शाळेत. बी.ए. घरी बसून, पोस्टाने पुस्तकं मागवून केलं होतं. आई-बाबा मराठीत बोलायचे आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायची, तेही कमीत कमी. लोक मला शहाणी मुलगी म्हणत, कारण मी बोलत नसे. त्या वर्षी पुण्यात एम.ए.ला प्रवेश मिळाला होता. मावशीकडे राहायचं ठरत होतं. कॉलेज सुरू व्हायला थोडेच दिवस उरले होते, आणि बाबा रोज "बघू" म्हणत होते. तिकीट नाही, देशाबाहेर जायच्या व्हिसाच्या शिक्क्यासाठी कफीलकडे, म्हणजे बाबांच्या अरब मालकाकडे, पासपोर्ट दिलेला नाही. पुण्याची मला भीतीही वाटत होती, पण ती भीती माझी मी निवडली होती.

खाली दुसरी गाडी उभी होती. आमच्या ओळखीचे काका-काकू, मूळचे सांगलीचे, आणि त्यांच्या गाडीत पुढे एक मुलगा. मुलगा म्हणजे सव्वीस-सत्तावीसचा. काका खिडकीतून ओरडले, "हा आमचा भाचा! यान्बूला रिफायनरीत असतो. काल सहज आला."

सहज. तीनशे किलोमीटरवरच्या यान्बूहून जेद्दाला सहज कोणी येत नाही. तो खाली उतरला, बाबांना नमस्कार केला, माझ्याकडे न बघता माझ्या दिशेने मान हलवली. पायात जाड तळव्यांचे कामावरचे बूट होते. मला ते का कोण जाणे, बरं वाटलं. मग बरं वाटल्याचा राग आला.

मक्केच्या अलीकडे रस्ता फुटतो. मुसलमान सरळ जातात, मक्केत प्रवेश नसलेले आमच्यासारखे बाजूच्या वळशाच्या रस्त्याला लागतात. बाबा त्या वळणावर नेहमी एक वाक्य म्हणत, "चला, आपला लांबचा रस्ता." आज म्हणाले नाहीत. आरशातून माझ्याकडे बघत होते. पुढे घाट लागला, कान बंद झाले, कठड्यावर माकडं बसली होती. आई म्हणाली, "यान्बूला समुद्र स्वच्छ आहे म्हणे. कंपनीच्या कंपाउंडमध्ये लायब्ररीसुद्धा आहे."

"Okay," मी म्हणाले.

तेव्हा मला कळलं होतं का? अर्धवट. घरात जमखाना अंथरून, ट्रे घेऊन जो कार्यक्रम होतो, तो मी फक्त सुट्टीत, चुलतबहिणीचा पाहिला होता. तो असा डोंगर चढून, दोन गाड्या घेऊन होतो असं मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे एका वळणावर खात्री वाटे आणि पुढच्या वळणावर वाटे, मीच जास्त समजते स्वतःला. लोक खरंच द्राक्षं खायला चालले असतील.

द्राक्षं खरंच होती. ताइफच्या बाहेर एका शेतात लाकडी खांबांवर वेल चढवून मांडव केलेला, खाली गार सावली, आणि घोस डोक्याला लागतील इतके खाली आलेले. आई तासगावची. ती गाडीतून उतरल्या उतरल्या माहेरी गेल्यासारखी झाली. एक मणी बोटांत धरून म्हणाली, "पावडर बघा कशी आहे अंगावर! हात लावलेला नाही कुणी."

"आपल्याकडे निम्म्याचे बेदाणे होतात," काका म्हणाले, "उरलेल्यांचं काय होतं ते वहिनींसमोर सांगत नाही. इथे दारूबंदी, तीही पंचाईत नाही."

"तुम्ही गप्प बसा," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "बघ हं, तुला तर आल्या आल्या मांडवाखालीच उभी केली."

सगळे हसले. मुलगा बुटांकडे बघत होता.

शेतावर देखरेख करणारा माणूस पाकिस्तानी होता, पांढऱ्या दाढीचा, मवाळ. त्याने आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मांडवाच्या कडेला कनातीने वेगळे केलेले कप्पे होते, एका कुटुंबाला एक. एकट्या पुरुषांनी पलीकडे बसायचं.

"ये लड़का?" त्याने विचारलं. "ये किसके साथ है?"

काय सांगणार? की हा या मुलीला बघायला आलाय, आणि दोघांना एका चटईवर बसवायचंय? त्या देशात अशा गोष्टीला नाव नव्हतं, आणि जे होतं ते पोलिसांच्या कामाचं होतं.

"भाई है इसका," काका झटकन म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं. "सगा भाई. सब एक ही फॅमिली है."

"अच्छा, अच्छा. माशाल्ला." म्हाताऱ्याने कनात बाजूला केली.

आईचा चेहरा मी विसरणार नाही. म्हातारा लांब जाईपर्यंत तिने दम धरला, मग म्हणाली, "अहो, काय बोललात हे! आज, नेमकं आज, भाऊ-बहीण?"

"मग काय सांगू वहिनी? त्याला आपल्यातलं काय कळतंय!"

"त्याला नाही हो. पण तोंडातून गेलंच ना?"

"जिभेला हाड नाही यांच्या," काकूंनी भर घातली आणि डबा उघडला. पोहे होते. वर ओलं खोबरं, आईची कोथिंबीर. द्राक्षाच्या बागेत पोहे. काकू डबा माझ्या हातात देत म्हणाल्या, "तू वाढ गं सगळ्यांना."

तिथे उरलीसुरली शंका संपली. मी वाढले. त्याच्या बशीतही वाढले. "थँक्स," तो म्हणाला.

पोहे संपल्यावर मोठे लोक एकदम पेंगुळले. काकू म्हणाल्या, "तुम्ही दोघं जरा वेल बघून या. इथूनच, आमच्या नजरेसमोर."

आम्ही खांबांच्या ओळीतून चालत राहिलो. ओळीच्या टोकाशी तो म्हणाला, "तुला माहीत आहे ना, हे काय चाललंय?"

त्याने सरळ विचारलं होतं. सरळ उत्तर द्यायची ती जागा होती. मी म्हणाले, "You work in shifts?"

"हो." तो थोडा हसला. "आजची बदलून आलो."

त्याच्याशी मी इंग्रजीतच बोलत राहिले. इंग्रजीत 'यू' म्हटलं की भागतं. मराठीत त्याला तू म्हणायचं की तुम्ही, हे ठरवावं लागलं असतं. तो वाईट नव्हता. एक घोस खाली लोंबत होता, तो माझ्या डोक्याला लागू नये म्हणून त्याने हाताने वर धरला आणि मी पुढे गेल्यावरच सोडला. तो उद्धट असता तर किती सोपं झालं असतं! माझ्या डोक्यात पुणं, मावशीची गॅलरी, न पाहिलेली कंपाउंडमधली लायब्ररी आणि तो वर धरलेला घोस, सगळं एकत्र झालं होतं. यातलं नेमकं काय मला नको आहे, ते सापडत नव्हतं.

परत आलो तेव्हा सगळे जागे होते, जरा जास्तच.

"मग?" काकांनी मला विचारलं. "यान्बू बघायला आवडेल का आमचं?"

बाबा चटईच्या कडेची काडी मोडत होते. आई माझ्याकडे बघत नव्हती. मी गप्प राहिले, आणि पाहिलं की माझं गप्प राहणं बघता बघता होकार होऊ लागलं आहे. काकूंचा चेहरा उजळला. "लाजली गं बाई! अहो, मुलीची जात, ती काय तोंडाने सांगणार? पुढच्या महिन्यात—"

"पुण्याचं मग पुढे बघता येईल," आई हळूच म्हणाली. "पोस्टाने करतातच की लोक."

पोस्टाने. मी बाबांकडे पाहिलं. ते "बघू" सुद्धा म्हणाले नाहीत.

तेवढ्यात कनात हलली. म्हातारा नुकताच कापलेला, काळाभोर, मोठा घोस घेऊन आला होता. कनातीत न येता त्याने हात आत केला आणि नजर खाली ठेवून माझ्यापुढे धरला. "बेटी, ये अपने भाई को दे दो. सफर में खाएगा."

"ठेव गं तिथेच," आई घाईने म्हणाली. "मी देते. इकडे आण."

घोस जड होता, उन्हाने कोमट. आईचा हात पुढे आलेला होता. मी त्या हाताला वळसा घालून चटईच्या दुसऱ्या टोकाला गेले. मुलाने वर पाहिलं. मला वाटतं, मी काय करणार ते त्याला माझ्याआधी कळलं होतं, कारण त्याने दोन्ही हात पुढे केले. सकाळपासून मी मराठीतला एक शब्दही बोलले नव्हते. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले,

"दादा, घे. तुझ्यासाठी आहे."