चादरीजवळचा हात

हिरामणकाका शिफ्टवर आले की आधी हजेरी लावत नसत. सरळ मशीनपाशी जात, उजवा हात उलटा करून चालत्या चादरीपासून बोटभर अंतरावर धरत आणि डोळे मिटून घेत. रोह्याच्या आमच्या कंपनीत वेष्टनाची पातळ प्लॅस्टिक फिल्म बनते. दोन रुळांमधून ती सरसर धावते, तिलाच सगळे चादर म्हणतात. मी नवी नवी इंजिनिअर म्हणून लागले तेव्हा हे गृहस्थ मशीनची पूजाबिजा करतात की काय, असंच मला वाटलं.

"काका, ताण दाखवायला मीटर आहे की समोर," मी म्हटलं.

डोळे न उघडता ते म्हणाले, "मीटर रुळाजवळ बसलाय म्याडम. चादर नाचते ती मधी."

काका धरमतरकडचे, मिठागरावर राबणाऱ्या घरातले. पेणहून आम्ही एकाच कंपनी-बसने जायचो. एकदा वाटेत त्यांनी मला सगळं शास्त्र सांगून टाकलं. "माझी आय नि आजी ओलं लुगडं दोन टोकांनी धरून खाडीच्या वाऱ्यात सुकवायच्या. ताठ धरलं तं गप. जरा ढिलं सोडलं का फडफड, नि फडफडलं का किनार फाटली. थरथर चालंल. चालतं ते थरथरनारच. फडफड नको." मी हेच कॉलेजात शिकले होते. वेग वाढत गेला की धावत्या चादरीचा ताठपणा कमी होतो आणि एका हद्दीपलीकडे बारीकशी लाटही विझत नाही, वाढतच जाते. फक्त मला त्याला दोन पानं लागायची.

मग एका सकाळी बसमध्ये त्यांच्या डब्याचं झाकण वाजायला लागलं. रस्ता सपाट होता. मी पाहिलं, तसा त्यांनी उजवा हात मांडीखाली दाबला. उतरताना हळूच म्हणाले, "कुनाला बोलू नको म्याडम. पेनच्या डाक्टरच्या गोळ्या चालू हायेत. रिटायरला आठ म्हयने ऱ्हायले."

मी बोलले नाही. बोलायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. चादर गुंडाळणाऱ्या रुळापाशी सविता उभी असायची. चादर फाटून रुळात अडकली तर पहिली तीच सापडणार, आणि तिचा सगळा भरवसा काकांच्या त्या हातावर. रोज सकाळी मशीन सुरू झालं की मी आधी काकांचा हात बघायची, मग मीटर.

त्यातच मोठी ऑर्डर आली आणि वेग वाढवायचं ठरलं. हद्द किती, ते गणित मी मांडलं, खाली सही केली. चाचणीच्या दिवशी टप्प्याटप्प्याने वेग चढवला. काका हात धरून उभे होते. एकाएकी ओरडले, "थांबवा!"

प्लांटच्या साहेबांनी मीटर पाहिला. काटा स्थिर. मग काकांचा हात पाहिला. तो सगळ्यांदेखत थरथरत होता. मागे कोणीतरी हसलं. साहेब माझ्याकडे वळले, "मॅडम, तुमचं गणित काय म्हणतं?"

गणित म्हणत होतं, चालू द्या. काकांच्या कपाळावर घाम होता. "गो पोरी, मना कळत नाय," ते म्हणाले, "चादर हलते का मीच. तू हात धर."

मला ते कधी पोरी म्हणाले नव्हते. मी हात धरला. आधी नुसती माझीच धडधड कळली. मग चादरीचा वारा लागला. थांबून थांबून, फुंकर मारल्यासारखा. मी लाल बटण दाबलं.

चादर थांबली तेव्हा तिची किनार वीतभर फाटलेली होती, अगदी सविताच्या पुढ्यात. तिने ती हातात घेतली आणि माझ्याकडे पाहिलं.

दुपारी चूक सापडली. धावती चादर आजूबाजूची हवा ओढत नेते, त्या ओझ्याने तिची हद्द आधीच येते. माझ्या गणितात वाराच नव्हता. परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, "तुमचाच हात बरोबर होता, काका."

त्यांनी मान हलवली. "हात बी हलत होता, चादर बी हलत होती. आज निभावलं. उद्या चादर हलंल नि मी म्हनेन, छे, माझाच हात हाय. मंग त्या सविताचं काय गो?"

दुसऱ्या दिवशी ते आपण होऊन साहेबांकडे गेले आणि सगळं सांगून आले. नोकरीचे उरलेले महिने स्टोअरमध्ये बसले. मशीनकडे एकदाच आले, शेवटच्या दिवशी, दोन्ही हात खिशात घालून. "पयला हात भिंतीवर ठेव," मला म्हणाले. "हात गप हाय का बघ. मंगच चादरीकडं जा."

आता चादरीच्या बरोबर मधोमध नवा सेन्सर बसवलाय. तरी रोज सकाळी मी भिंतीवर हात ठेवते. शेजारची मशीनं चालू असतात, त्यामुळे भिंत थोडी थरथरतेच. ती थरथर भिंतीची की माझी, याचा नीट अंदाज येईपर्यंत मी हलत नाही. पलीकडे सविता उभी असते. घाई कर, असं ती कधीच म्हणत नाही.