बिनपायऱ्यांचं घर

हिंगोलीजवळ, नरसी गावाच्या अलीकडे एका वाडीत ग्यानोबा गवंडी राहायचा. विहीर बांधण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे तो स्वतःच चारचौघांत सांगायचा. वस्तीतलं बुद्धविहारही त्यानंच बांधलं. ओढ्याचं पाणी शिरू नये म्हणून जोतं छातीइतकं उंच घेतलं आणि समोर देखण्या पायऱ्या काढल्या. त्यांचं कौतुक ऐकायला तो कधी कंटाळला नाही.

त्याच पायऱ्यांनी त्याच्या बहिणीला बाहेर ठेवलं. चांगुणाचे पाय लहानपणीच्या तापात गेले होते. चाकं लावलेल्या फळीवर बसून, हातांनी जमीन रेटत ती अख्खी वस्ती फिरायची. विहारात मात्र ग्यानोबा तिला पाठीवर घेऊन जायचा. एका वैशाखी पौर्णिमेला तिनं साफ सांगितलं, "दादा, आता पुरे. मला पोत्यावानी उचलून नेऊ नको. मी खालीच बसते." तेव्हापासून ती लिंबाखाली बसून वंदना म्हणायची. तिचा खणखणीत आवाज वर ऐकू आला की ग्यानोबाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पंचाहत्तर सालचा उन्हाळा लागत होता. चांगुणाच्या फळीची चाकं झिजली, म्हणून जुनी बेअरिंगं मागायला ग्यानोबा हिंगोलीत एस. टी. डेपोमागच्या फुलसिंगच्या गॅरेजात गेला. भिंतीवर कुठलंसं परदेशी कॅलेंडर होतं. त्यात एक गोल इमारत. खिडकी एक नाही, बुडाशी निमुळती, वर रुंद.

"फुलसिंगभाऊ, ही विहीर जमिनीच्या वर काहून बांधली हो?"

फुलसिंग खो खो हसला. "अरे बाबा, मोटारीच्या कारखान्याचं म्युझियम हाय ते. आपल्या जुन्या मोटारी ठेवल्यात आत. लोक पाहून राहिले बघ."

ग्यानोबाचं नाक आता कॅलेंडरला टेकायचंच बाकी होतं. खाली आतलंही चित्र होतं. मधे सगळं मोकळं, भिंती कोऱ्या पांढऱ्या, आणि कमी-जास्त उंचीच्या ओट्यांवर एकेक मोटार, तेवढ्यावरच उजेड. मोटारीवरून नजर हलू नये म्हणूनच खिडक्या गाळल्या असणार, असं त्यानं ठरवून टाकलं आणि त्या अनोळखी गवंड्याला मनातल्या मनात शाबासकी दिली. पण एक कोडं सुटेना.

"मोटारी वर कशा नेल्या? जिना कुठं दिसत न्हाई."

"मोटार काय जिना चढती? उताराची वाट असंल."

लोखंडाच्या मोटारीसाठी कुणीतरी पायऱ्या गाळल्या, आणि आपण सख्ख्या बहिणीपुढे पायऱ्या रचून मिरवत बसलो! ग्यानोबाला स्वतःचा भयंकर राग आला.

वाडीत येताच त्यानं पायऱ्यांशेजारी चढण बांधायला घेतली. पण हात पडला विहिरी बांधणाऱ्याचा. मोटेचे बैल ज्या उतारावर ये-जा करतात त्या धावेचा उतार त्याच्या अंगात भिनलेला. चढणही तशीच उभी झाली. चांगुणा निम्म्यावर गेली, तिथून फळी मागे घरंगळली आणि ती धुळीत पडली. कोपर सोलवटलं.

"दादा, मी बैल हाय का रे?" ती हसत म्हणाली, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

ग्यानोबा पुन्हा हिंगोलीला. या वेळी त्यानं चित्रातली वाटच तेवढी पाहिली. ती सरळ वर जातच नव्हती. भिंतीला बिलगून, सबंध घराला वळसा घालत, चालणाऱ्याला कळूही न देता ती वर चढत होती.

"वाट लांबवलीय हो यांनी! मी काटकसर करत बसलो," तो ओरडला. फुलसिंगनं ते पान फाडून त्याच्या हातात दिलं.

नवी चढण विहाराच्या उजव्या अंगानं निघाली, पाठीमागून फिरली आणि डाव्या अंगानं दाराशी आली. कडेला बुटका कठडा घातला. वस्तीतल्या म्हाताऱ्या नानीबाईनं विचारलंच, "इतका फेरा काहून रे?" "वैशाखी पौर्णिमेला कळंल," म्हणत तो कठडा घोटत राहिला.

त्या दिवशी सगळे आत बसले. ग्यानोबा दारात उभा. चांगुणा निघाली आणि भिंतीआड दिसेनाशी झाली. बेअरिंगांची खरखर तेवढी ऐकू येत होती. पाठीमागे ती थांबली. ग्यानोबाला धावत जावं असं वाटलं, पण तो हलला नाही. खरखर पुन्हा सुरू झाली. मग कोपऱ्यावर चांगुणा दिसली, घामानं डबडबलेली, तोंडभर हसू.

सवयीनं ग्यानोबा तिला उचलायला वाकला.

"बाजूला हो ना, दादा," ती म्हणाली. "दार अडवून काहून उभा राहिलास?"

ग्यानोबा बाजूला झाला.