भिंती नसलेली दारं

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यानंच करून दिलेला निकालाचा फ्लेक्स छापत होतो. मशीन बंद करायचंही सुचलं नाही. टॉपर पोरांचे हसरे चेहरे सरकत बाहेर येत राहिले आणि मी फोन कानाला लावून नुसता उभा...

लातुरात क्लासेसचं पीक आलं आणि पाट्या रंगवणाऱ्या दत्ताच्या हातात, माझ्या फ्लेक्सच्या दुकानात, ब्रशाऐवजी माऊस आला. लोहा, रेणापूर, कुठकुठल्या पोरांचे पासपोर्ट फोटो यायचे. दत्ता त्यांना संगणकावर डॉक्टरचा पांढरा कोट चढवायचा. "कॉलेजच्या आधी म्याच डॉक्टर करून टाकतो ह्यायला," म्हणायचा. मोठा चेष्टेखोर माणूस. पण एक खोड होती. तो कुणालाही 'जा' म्हणत नसे. चहा सांगायलासुद्धा स्वतः उठायचा. त्याचं कारण मला माहीत होतं. भूकंपाच्या साली तो आणि धाकटा बाळू लातुरात खोली करून शिकत होते. विसर्जनाला एकानं तरी गावी या, असा आईचा निरोप आला. दत्ताला मंडळाच्या देखाव्याचा पडदा पुरा करायचा होता. तो बाळूला म्हणाला, "तू जा." विसर्जन झालं आणि पहाटे गाव पडलं. आई ढिगाऱ्यातून वाचली, बाळू नाही. लोक समजूत घालत, नशीब म्हणत. दत्ताला तो शब्द सोसायचा नाही. "नशिबानं न्हाई धाडलं. म्या धाडलं."

फावल्या वेळात तो संगणकावर एक चित्र करायचा. ते वर्षानुवर्षं चाललं होतं. काळ्या रानात नुसत्या दारांच्या चौकटी उभ्या, भिंत एकही नाही. आभाळाच्या जागी नांगरलेली जमीन आणि तिच्यातून खाली लोंबणारी मुळं. एका दारात बाळू मास्तर, एकात एसटीचा कंडक्टर, एकात टक्कल पडलेला किराणावाला. बाळूचा एकच फोटो उरला होता, शाळेतला. म्हणून पुढचं वय दत्तानं आपल्याच चेहऱ्यावरून चढवलेलं. शेवटचं दार मात्र बंद. त्यात काय, असं विचारलं की म्हणायचा, "सुचूनच न्हाई राहिलं."

यंदा त्याच्या मुलीला, रेवतीला, नांदेडला चित्रकलेसाठी प्रवेश मिळाला. घरात आता बापलेक दोघंच, त्यात दत्ताची छाती दुखायची. रेवती अडून बसली. "अप्पा, तुमी जा म्हणा, तरच जाईन." मुदत संपत आली. दत्ताचं जेवणावरून मन उडालं. एका दुपारी दुकानात, माझ्यादेखत, त्यानं खुर्चीचा हात घट्ट धरला आणि म्हणाला, "जा बाई. जा." पोरगी गेली आणि आठवडाभरात दत्ता घरी बसल्या जागी गेला.

दिवसकार्य झाल्यावर रेवती दुकानात येऊन बसली. "काका, मी हितं असते तर अप्पांला दवाखान्यात नेलं असतं. मी कामून गेले?" कॉलेज सोडायचं तिनं ठरवून टाकलं होतं. बापाचं ओझं जसंच्या तसं लेकीच्या डोक्यावर आलेलं बघून मला मेलेल्या माणसाचाच राग आला. निदान त्याचं चित्र तरी बघू दे म्हणून मी संगणक लावला.

शेवटचं दार उघडं होतं. ते त्यानं कधी उघडलं, मला कळलंच नव्हतं. त्यातून रेवती निघालेली, पाठमोरी, खांद्याला बॅग. आणि उंबऱ्यावर दत्ता. एवढ्या मोठ्या चित्रात त्यानं स्वतःला पहिल्यांदाच काढलं होतं. हात वर केलेला, आणि हसत होता लेकाचा!

रेवती हमसून हमसून रडली. मीही रडलो. मग ओढणीनं तोंड पुसत तिनं विचारलं, "काका, नांदेडची गाडी किती वाजता हाय?"